चाळीस घोडे, एकवीस घोडे आणि बुलढाण्याचा रस्ता

माझ्याकडे दोन मोटारसायकली आहेत आणि दोन्ही बजाजच्या. एक २०११ साली घेतलेली पल्सर २२०, ती अर्ध्या फेअरिंगवाली 'एफ'. दुसरी डॉमिनार ४००, २०१९ साली आलेल्या सुधारित मॉडेलची. दोन्ही स्वतःच्या पगारातून, हप्ते भरून घेतलेल्या. तेव्हा पुढे जे काही लिहितोय ते दोन दिवस फुकट चालवायला मिळालेल्या गाडीचं कौतुक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नोकरी पुण्यात, घर बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीच्या थोडं पुढे. पुणे - अहिल्यानगर - छत्रपती संभाजीनगर - जालना - देऊळगाव राजा - चिखली असा पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता. वर्षातून पाच-सहा वाऱ्या होतात, त्यातल्या निम्म्या दुचाकीवर. दिवाळीत घरी गेलो की मग लोणार, शेगाव, सिंदखेडराजा असं फिरणं होतंच.

आता प्रश्न असा आहे की दोनातली एक काढायची आहे. सोसायटीत पार्किंगची जागा एकच. २२० च्या नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली, म्हणजे तपासणी, नूतनीकरण, पर्यावरण कर, सगळं आलं. शिवाय बायकोचा बिनतोड सवाल, "एका वेळी बसणार एकाच गाडीवर ना?" याला कुठल्याही प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये उत्तर नाही :)

तर मंडळी, कुठली ठेवायची?

आधी कागदावरचं बघू. माझी २२० म्हणजे २२० सीसी, २१ पीएस, पाच गिअर, कार्बोरेटर, ऑईल कूलर, वजन दीडशे किलोच्या आसपास, टाकी १५ लिटरची. डॉमिनार म्हणजे ३७३ सीसी, ४० पीएस, सहा गिअर, फ्युएल इंजेक्शन, लिक्विड कूलिंग, वजन १८५ किलोच्या घरात आणि टाकी १३ लिटरची. २२० चा जन्म २००७ चा. तेव्हा ती इंजेक्शनवाली होती. २००९ मध्ये कार्बोरेटर लावून ती स्वस्त झाली आणि 'फास्टेस्ट इंडियन' म्हणून तिची जाहिरात आली. आपल्या वयाच्या निम्म्या पोरांनी तेव्हा ते पोस्टर हॉस्टेलच्या भिंतीवर लावलं होतं. डॉमिनार आली डिसेंबर २०१६ मध्ये, तेव्हा ३५ पीएस होती. २०१९ ला तिला डबल ओव्हरहेड कॅम आणि उलटे फोर्क मिळाले आणि ताकद ४० पीएसवर गेली. २०२१ मध्ये कंपनीने विंडस्क्रीन, हँडगार्ड, कॅरिअर असं सगळं टूरिंगचं सामान कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली.

म्हणजे कागदावर सामना एकतर्फी आहे. जवळजवळ दुप्पट ताकद. विषय संपला?

नाही. कारण कागदावरच्या आकड्यांना एक रस्ता गृहीत धरलेला असतो. तो रस्ता आपल्याकडे आहे का, हे कुणी विचारत नाही.

स्पोर्ट टूरिंग ही कल्पना मुळात युरोपातली. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस काढली. विंड टनेलमध्ये घासूनपुसून बनवलेलं पूर्ण फेअरिंग, हजार सीसीच्या आसपासचं इंजिन. हेतू हा की जर्मन ऑटोबानवर सामान बांधून तासन् तास जोरात जावं आणि उतरल्यावर मान-पाठ शाबूत असावी. वेग आणि आराम दोन्ही एका गाडीत. थोडक्यात, स्पोर्ट टूरर ही गाडी एका विशिष्ट रस्त्यासाठी जन्माला आली. रुंद, सलग, मधे कुणी न येणारा रस्ता.

गंमत म्हणजे असा रस्ता आमच्या जिल्ह्यात आहे! मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, सिंदखेडराजा, मेहकरवरून जातो. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. वेगमर्यादा १२०. डॉमिनारच्या सहाव्या गिअरने ज्याचं स्वप्न बघावं असा रस्ता.

फक्त त्यावर दुचाकीला बंदी आहे.

आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच रायडर मंडळींचं रक्त यावरून उकळतं. 'आम्ही पण रोड टॅक्स भरतो' वगैरे. मला विचाराल तर मी बंदीच्या विरोधात नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर बस पेटून २५ माणसं गेली. सरळसोट, न बदलणाऱ्या रस्त्यावर माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो, आणि दुचाकीवर झोपण्याची किंमत वेगळी असते. पण तो वाद बाजूला ठेवू. माझा मुद्दा साधा आहे : ज्या रस्त्यासाठी ४० घोडे लागतात तो रस्ता आपल्याला बंद आहे, आणि जो उघडा आहे तिथे ४० घोडे धावत नाहीत.

याचं गणितही सोपं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. म्हणजे ८० वरून १२० ला जायचं तर हवा कापायला सुमारे ३.४ पट ताकद पाहिजे. डॉमिनारचे जास्तीचे घोडे त्या ८० ते १२० मध्ये खर्च होतात. ६० ते ८० मध्ये दोन्ही गाड्या आरामात असतात. जालना सोडल्यावर देऊळगाव राजा, देऊळगाव मही, चिखली या पट्ट्यात माझा सरासरी वेग काय? दोन्ही गाड्यांवर मोजलाय. पन्नासच्या आत. फरक पाच-दहा मिनिटांचा, आणि तोही चहा किती वेळ पितो यावर अवलंबून.

मग २२० च्या बाजूने बोलू. तिची बाजू मजबूत आहे.

एक, पेट्रोल. २२० मला हायवेला ३८ च्या आसपास देते. १५ लिटरची टाकी, म्हणजे पुण्यात फुल केली की चिखलीत पोचून, शेगावला जाऊन येऊनही टाकीत पेट्रोल शिल्लक. डॉमिनार माझ्या हातात २८-२९ देते. टाकी १३ ची. म्हणजे पेट्रोल आणि रस्ता एकदमच संपतात! 'टूरिंग' असं नाव लावलेल्या गाडीला वाटेत पंपावर थांबावं लागतं आणि कॉलेजच्या पोरांची गाडी न थांबता घरी जाते, यातली मजा बघा.

दोन, वजन. मुख्य रस्ता सोडून आमच्या घराकडे वळलं की शेवटचा दीड किलोमीटर पांदण आहे. काळी माती. उन्हाळ्यात पावडर, पावसाळ्यात सिमेंट. ही माती टायरला धरते, मग मडगार्डमध्ये भरते, मग चाक फिरायचंच थांबतं. तिथे १८५ किलोची गाडी म्हणजे गाळात रुतलेला बैल. काका पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "काहून एवढी जड गाडी घेतली रे? ढकलाले दोन माणसं लागतात." काकांची स्प्लेंडर, मागे दोन दुधाचे कॅन लटकवून, त्याच पांदणीतून शांतपणे निघून जाते. त्या दीड किलोमीटरपुरती जगातली सर्वोत्तम टूरर स्प्लेंडरच, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

तीन, मिस्त्री. दोन वर्षांपूर्वी वाड्यात उभ्या केलेल्या २२० ची क्लच केबल उंदराने कुरतडली. लक्षात आलं मेहकरच्या रस्त्यावर, केबल तुटल्यावर. गाडी ढकलत पहिल्या टपरीवजा गॅरेजला नेली. मिस्त्रीने आत जाऊन दोराला लटकवलेल्या केबलींमधून एक काढली, वीस मिनिटांत बसवली, वर कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवून "आता ऐका" म्हणाला. खरंच बरी वाजत होती. हाच उंदीर डॉमिनारच्या एखाद्या सेन्सरच्या वायरवर बसला असता तर? इंजेक्शनवाल्या गाडीत मग एरर कोड वाचायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर बहुतेक करून असतो शहरातल्या सर्व्हिस सेंटरला. आमच्या भाषेत सांगायचं तर २२० ही नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त करता येणारी स्क्रिप्ट आहे, आणि डॉमिनार म्हणजे कंपाईल केलेलं सॉफ्टवेअर. चालतं मस्त, पण सोर्स कोड तुमच्याकडे नाही.

चार, पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्या ४० टक्क्यांच्या गटात गेल्या. ३७३ सीसी म्हणजे नेमकी रेषेच्या पलीकडे. सरकारच्या लेखी आता ती चैनीची वस्तू आहे. विमा, टायर, सर्व्हिसिंग यांचाही हिशोब माझ्या वहीत आहे, आणि प्रत्येक ओळीत २२० स्वस्त आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, झालं की मग, डॉमिनार विका. चार-शून्य.

पण थांबा. आता संध्याकाळचे साडेसहा वाजू द्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे सोयाबीन निघतं आणि पाठोपाठ कापूस. दिवसभर शेतात भरलेली ट्रॉली तिन्हीसांजेला रस्त्यावर येते. कापसाची ट्रॉली दोन्ही बाजूंनी इतकी फुगलेली असते की अर्ध्याहून जास्त रस्ता तिचाच. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली. समोरून येणारी ट्रक अप्पर मारत येते, दोन सेकंद डोळ्यांपुढे पांढरा पडदा, आणि पडदा बाजूला होतो तेव्हा पंचवीस मीटरवर ट्रॉली. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मेंदूने 'ट्रॉली' म्हणायला आणि बोटांनी लिव्हर दाबायला एक सेकंद गेला की हातात उरतात आठ मीटर. शिवाय पाठीमागे सात-आठ तासांचा प्रवास, खांदे आखडलेले, डोळ्यांत धूळ. अशा वेळी माणूस ब्रेक दाबत नाही, ब्रेक आवळतो. पूर्ण ताकदीने, एकदम.

दोन गाड्यांतला खरा फरक इथे आहे. माझ्या २२० ला पुढे-मागे डिस्क आहेत, पण एबीएस नाही. एकदम आवळलं आणि रस्त्यावर सांडलेलं सोयाबीन किंवा माती असली की चाक लॉक. पुढचं चाक लॉक झालं की तुम्ही चालक राहत नाही, सामान होता. डॉमिनारला दोन्ही चाकांवर एबीएस आहे. चाक लॉक व्हायला आलं की सेन्सर ते ओळखतो, ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो, सेकंदात अनेकदा. त्याने चमत्कार होत नाही. खडीवर थांबायचं अंतर कधी कधी वाढतंसुद्धा. पण गाडी उभी राहते आणि हँडल वळतं, म्हणजे ट्रॉलीच्या बाजूने निघून जायची एक संधी उरते. त्यात रुंद रेडियल टायर आणि एलईडीचा पसरट उजेड धरा. २२० चा प्रोजेक्टर त्याच्या काळात लाजवाब होता, समोर दूरवर छान उजेड टाकतो, पण कडेला अंधार. आणि आमच्याकडे धोका नेहमी कडेनेच येतो. बैल, कुत्रं, शाळेतून सायकलवर परतणारं पोर.

बसणंही यात धरलं पाहिजे. २२० चं हँडल खाली, पुढे वाकून बसायचं. पंचविशीत ते ऐटबाज वाटतं. चाळिशीच्या जवळ मनगटांवर आलेला भार जालन्यापर्यंत बोटं बधिर करतो, आणि ब्रेक दाबणारी तीच बोटं असतात. डॉमिनारवर पाठ सरळ राहते. 'कम्फर्ट' हा शब्द जाहिरातवाल्यांनी पार चैनीचा करून टाकलाय. आराम ही चैन नाही. चिखलीच्या अलीकडच्या त्या शेवटच्या तासात तुमचं डोकं किती जागं आहे, ते त्यावर ठरतं.

म्हणून माझं मत असं : टूरिंगच्या गाडीचा कस ती ताज्या माणसाला किती पळवते यात नाही, थकलेल्या माणसाला किती सांभाळते यात आहे. सकाळी आठ वाजता नगर रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच असते.

आता तुम्ही विचाराल, मग त्या ४० घोड्यांचं काय? खरं सांगू? मला ते जवळजवळ लागतच नाहीत. मलकापूर-नांदुरा-खामगाव या सुरत-कोलकाता हायवेच्या पट्ट्यात, दोन ट्रेलरच्या मधून निघायचं असतं तेव्हा त्या ताकदीचा उपयोग होतो. राजूर घाटात मागे बायको आणि दोन बॅगा असताना गिअर कमी बदलावे लागतात. बाकी वेळ ते घोडे तबेल्यातच असतात. आमच्या जिल्ह्यातला सर्वात मोठा टूरर कुठला म्हणाल तर तो टिपेश्वरचा वाघ. गळ्यात रेडिओ कॉलर घालून २०१९ मध्ये निघाला, तेलंगणा बघून, तेराशेच्या वर किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेच्या जंगलात येऊन पोचला. पाच महिने लागले. बहुतेक चालला रात्री, माणसांना टाळत, सावधपणे. वेगाने नाही, धडपणे पोचला. असो.

हा सगळा हिशोब माझ्यापुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. पण काकांचा मुलगा शेगावला इंजिनिअरिंगला आहे, एकवीस वर्षांचा. त्याची मागणी सरळ आहे. "दादा, तू नवीन ठेव, मले २२० दे." घरात सगळ्यांना हे पटलंय. गाडी घरातल्या घरात राहील, पोराला कॉलेजला होईल, खर्च शून्य. काकू तर म्हणाल्या, जुनी आहे तर हळूच चालवेल.

मला हे पटत नाही, आणि याच कारणामुळे पटत नाही. मी २२० दहा-बारा वर्षं चालवून शिकलोय की ती कुठे घसरते, ब्रेक किती दाबायचा, अंधार पडायच्या आत कुठे पोचायचं. ते सगळं माझ्या हातात आहे, गाडीत नाही. चावी देता येते, हात देता येत नाहीत. जुनी गाडी हळू चालते हाही गैरसमज. ती अजूनही १०० ला आरामात पोचते. थांबते मात्र २०११ च्याच पद्धतीने. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं, ते उगाच नाही. कायद्याने नव्या गाडीला जे नाकारलं, ते आपण घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात उतावळ्या माणसाला भेट म्हणून द्यायचं?

"पण आम्ही सगळे बिनाएबीएसच्याच गाड्यांवर शिकलो," असं काका म्हणतात. खरं आहे. शिकलेले बोलतात, कारण ते बोलायला शिल्लक आहेत.

तर ठरलंय ते असं. डॉमिनार राहील. तिच्या ताकदीसाठी नाही, तिचे ब्रेक, दिवा आणि सरळ पाठीसाठी. पांदणीच्या तोंडाशी ओळखीच्या घरी लावून पुढे चालत जाईन, पावसाळ्यात तेवढा व्यायाम बरा. २२० पुण्यातच विकायची, घेणाऱ्याला तिचं वय आणि ब्रेक नीट समजावून. येतील ते पैसे भावाच्या नव्या गाडीच्या डाऊन पेमेंटला. दीडशे-एकशेसाठ सीसीची, एबीएसवाली, चिखलीतला मिस्त्री दुरुस्त करू शकेल अशी. तो सध्या माझ्याशी बोलत नाही. चालेल.

आणि गाडी घ्यायला निघालेल्या मित्रांना एवढंच सांगेन. शोरूममध्ये गेल्यावर टॉप स्पीड विचारू नका. दोन्ही चाकांना एबीएस आहे का विचारा. अर्धा तास सीटवर नुसते बसून बघा. जमलं तर अंधारात दिवा लावून बघा. गावाकडचा मिस्त्री तिला हात लावेल का, हे त्याला फोन करून विचारा. यात पास झालेल्या गाड्यांमधून मग हवा तो रंग आणि परवडतील तेवढे घोडे घ्या. आणि समृद्धीवर दुचाकी सोडा म्हणून निवेदनं देण्यात जेवढा जोर लावतो ना, त्याच्या निम्मा जरी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लागावा म्हणून लावला, तर चिखलीच्या रस्त्यावर जास्त माणसं घरी पोचतील. एक पट्टी चिकटवायला पाच मिनिटं लागतात. या दिवाळीला जाताना बॅगेत एक रोल टाकणार आहे. सुरुवात काकांच्या ट्रॉलीपासून.